आयर्लंडच्या खेड्यातला मास्तर कसा शोधावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर कॉर्कला असते. सासरचे खापरपणजोबा क्लेअर परगण्यात शाळामास्तर होते, एवढंच घरात माहीत आहे. आडनाव ओब्रायन, आणि तिथे ओब्रायन पायलीला पन्नास. सुरुवात कुठून करू?

आडनाव सध्या बाजूला ठेवा आणि शाळा शोधा. तुमचे पूर्वज शेतकरी असते तर हा सल्ला दिला नसता. पण मास्तर सरकारी पगारावर होते, आणि जिथून पगार निघतो तिथे कागद उरतो. 1831 साली आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली. गावात शाळेचा व्यवस्थापक बहुधा पाद्री असे, पगार मात्र डब्लिनच्या शिक्षण आयुक्तांकडून येई. प्रत्येक शाळेला एक रोल नंबर असे. तो हाती आला की निम्मं काम झालं म्हणून समजा.

त्यासाठी आधी 1901 आणि 1911 ची जनगणना पाहा. दोन्ही पूर्ण शाबूत आहेत आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. मास्तर तोवर हयात नसतील तर त्यांचा मुलगा किंवा मुलगी सापडेल. मग त्या मुलांचे विवाहदाखले काढा. कॅथलिक विवाहांची सरकारी नोंद 1864 पासून आहे आणि तिच्यात वधूवरांच्या वडिलांचं नाव नि व्यवसाय असतो. वडिलांपुढे ‘शिक्षक’ लिहिलेलं दिसलं की तुमचं घराणं बाकीच्या ओब्रायनांतून वेगळं निघालं. दाखल्यावर टाउनलँडही मिळेल. हा तिथला सगळ्यात लहान भूविभाग. देशभरात असे साठ हजारांवर आहेत आणि एकाच नावाचे अनेक असतात, म्हणून पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतली गावं) आणि परगणा सोबत टिपून ठेवा.

टाउनलँडवरून आसपासच्या शाळा आणि त्यांचे रोल नंबर काढता येतात. पुढचं काम डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. तिथे शिक्षण खात्याचं दप्तर ‘ईडी’ या खुणेखाली आहे. ईडी 1 मध्ये शाळेला अनुदान मिळावं म्हणून केलेले अर्ज आहेत. खोलीची लांबी-रुंदी, मास्तर कोण, ते प्रशिक्षित आहेत का, असं सगळं त्यात विचारलेलं असे. ईडी 2 या नोंदवह्या. तपासनीस काय म्हणाले, कोणाला दंड झाला, कोणाला काढलं ते यांत सापडतं. ईडी 4 या पगारवह्या. मास्तर कोणत्या श्रेणीत होते, केव्हा रुजू झाले, केव्हा गेले, हे त्यांतून तिमाहीगणिक लावता येतं. मास्तरांच्या पत्नीचं नावही याच वह्यांत शोधा. पुष्कळदा तीच मुलींना शिवणकाम शिकवी आणि त्याचा वेगळा पगार घेई. घराण्याच्या इतिहासात या बायका हकनाक गळून जातात. तुमच्या लेखनात तसं होऊ देऊ नका.

एक इशारा. इमारत नवी झाली किंवा मुलामुलींची शाळा वेगळी झाली की रोल नंबर बदलू शकतो. मास्तर अचानक नाहीसे झाले असं वाटलं, तर ते वारले असं समजण्याआधी शेजारचे नंबर पाहा. बदली हा या पेशाचा भागच होता, त्यामुळे जन्मगाव आणि शाळेचं गाव एकच धरू नका. शाळा उत्तरेच्या सहा परगण्यांत, म्हणजे आजच्या उत्तर आयर्लंडमध्ये असेल, तर कागद बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात मिळतील.

1922 च्या आगीत आयर्लंडचं सगळं दप्तर जळालं असं वाचलं. मग जुनं काही शोधण्यात अर्थ आहे का? (नागपूर)

आहे, नक्कीच आहे. ‘सगळं जळालं’ या एका वाक्यामुळे कितीतरी लोक शोध अर्ध्यावर सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. 30 जून 1922 रोजी डब्लिनचं न्यायालय-संकुल असलेल्या फोर कोर्ट्‌समधलं अभिलेखागार उद्ध्वस्त झालं आणि 1821 ते 1851 च्या चार जनगणनांचा बहुतांश भाग त्यात गेला, हे खरं. पण 1861 आणि 1871 चे कागद सरकारनेच त्याआधी नष्ट केले होते, आणि 1881 नि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या पुष्कळ नोंदवह्या आगीत गेल्या. कॅथलिक चर्चच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच होत्या म्हणून वाचल्या. त्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने 2015 साली सर्वांसाठी खुली केली.

जनगणनेची उणीव थोडीफार भरून काढतं ते 1847 ते 1864 मधलं ग्रिफिथ यांचं मूल्यांकन. कोणत्या टाउनलँडमध्ये घर-जमीन कोणाच्या ताब्यात आणि मालक कोण, हे त्यात आपल्या सातबाऱ्यासारखं वाचता येतं. मात्र दुसऱ्याच्या घरी राहणारा मास्तर त्यात येणार नाही.

आणखी एक ठिकाण लोक विसरतात. 1909 पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन मिळू लागली. वयाचा पुरावा म्हणून 1841 आणि 1851 च्या जनगणनेत नाव शोधायचे अर्ज केले गेले, आणि त्यांत आईवडिलांची नावं, टाउनलँड असा तपशील आहे. मूळ जनगणना गेली, हे अर्ज उरले. मास्तरांचा एखादा भाऊ किंवा बहीण तिथे भेटू शकते.

आमचे पूर्वज 1831 च्या आधी ‘हेज स्कूल’ चालवत असत म्हणे. अशा बेकायदा शाळेची नोंद कशी असणार? (डोंबिवलीचे वाचक, आजोळ आयर्लंडमध्ये)

कॅथलिक शिक्षकांवरची बंदी 1695 ची. ती 1782 मध्ये बरीच सैल झाली, म्हणजे 1820 च्या सुमारास या शाळा लपूनछपून चालत नव्हत्या. गवताच्या छपराखाली, कोणाच्या गोठ्यात, पालकांनी दिलेल्या फीवर त्या चालत. मुलं बरोबर आणतील ते पीटचं, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीचं, जळण हीच शेकोटी.

1824 साली सरकारी चौकशी आयोगाने देशभरच्या शाळांची माहिती मागवली. त्याच्या दुसऱ्या अहवालाच्या परिशिष्टात पॅरिशवार मास्तरांची नावं, धर्म, कमाई, शाळेची इमारत आणि पटसंख्या छापली आहे. अकरा हजारांवर शाळा त्यात आहेत. माहिती कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही धर्मगुरूंकडून घेतल्यामुळे एकाच शाळेच्या पटाचे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात, आणि ते कधी कधी जुळत नाहीत. सामान्य खेडुताचं उत्पन्न आणि त्याच्या कामाच्या जागेचं वर्णन त्या काळात छापून येणं ही मोठी दुर्मीळ गोष्ट आहे. मास्तरांच्या वंशजांना ती लाभली आहे, तर आधी हे परिशिष्टच उघडा.

पणजी शिक्षिका होती. 1930 च्या दशकानंतर तिची नोंदच नाही. (डब्लिन)

लग्नाची तारीख तपासा. 1934 पासून नव्या शिक्षिकांना लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. हा अन्यायी नियम 1958 पर्यंत टिकला. आधीपासून नोकरीत असलेल्यांना तो लागू नव्हता.

आमचा एक पूर्वज आयरिश सैनिक म्हणून पुण्याला आला आणि इथेच राहिला. त्याचा बाप गावचा मास्तर होता असं घरात सांगतात. (पुणे)

इथे उलट दिशेने जा. मुंबई इलाख्यातले ख्रिस्ती बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन 3’ या मालिकेत आहेत. तिथून पलटण कळेल. मग भरतीचे कागद काढा. त्यांत बहुधा जन्माचं पॅरिश, परगणा आणि आधीचा धंदा असतो. ईस्ट इंडिया कंपनीचे कागद त्याच लायब्ररीत, राणीच्या फौजेचे लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पॅरिश मिळालं की वर सांगितलेलं 1824 चं परिशिष्ट उघडून त्याच आडनावाचा मास्तर शोधा.

नावं, तारखा मिळाल्या. पण माणूस कसा होता हे कुठे कळेल? (कॉर्कच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

1937 ते 1939 मध्ये आयरिश लोककथा आयोगाने दक्षिणेच्या 26 परगण्यांतल्या सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायला सांगितलं. ‘जुन्या शाळा’ हाही त्यातला एक विषय होता. आजोबांना शिकवणारा मास्तर कुठे राहायचा, पाटीवर काय लिहून द्यायचा, छडी कशी वापरायचा, हे नातवंडांच्या अक्षरात वाचायला मिळतं. हा संग्रह ‘दूखस’ या संकेतस्थळावर आहे. शोध शाळेच्या नावाने घ्या आणि शेजारच्या दोन-चार शाळाही चाळा, कारण मास्तरांचे विद्यार्थी लग्न करून पलीकडच्या पॅरिशमध्ये गेलेले असतात. आठवणीतल्या तारखांवर विसंबू नका. त्या पगारवह्यांशी ताडून घ्या. स्वभावाबद्दल जे लिहिलंय ते मात्र जसंच्या तसं, सांगणाऱ्याच्या नावासकट उतरवून घ्या.