ढालीवरच्या दोन मधमाशा

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या पैठणी विणली जाते. वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त घराण्याचे मानचिन्ह करून घ्यावे, असे मनात आहे. मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या मानचिन्हावर मधमाशा आणि मोर असल्याचे वाचले. त्यांचा अर्थ काय? आणि आम्हांला असे चिन्ह करता येईल का? (एक वाचक, येवला)

उत्तर : जमशेदजींना 1857 मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत ब्रिटिश किताब मिळाला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या मानचिन्हातल्या ढालीवर खालच्या भागात मुंबई परिसराचे दृश्य असून डोंगरांमागून सूर्य उगवतो आहे, तर वर दोन मधमाशा उडताना दाखवल्या आहेत. मधमाशा उद्योगाच्या आणि चिकाटीच्या. सूर्य उद्योगाचा तसाच औदार्याचाही, कारण तो हात न आखडता प्रकाश देतो. ढालीच्या माथ्यावरचा मोर वैभवाचा आणि त्याच्या चोचीतले कणीस परोपकाराचे प्रतीक मानले जाते. ‘उद्योग आणि औदार्य’ या अर्थाचे इंग्रजी ब्रीदवाक्य खाली आहे. सोळाव्या वर्षी पोरके झालेल्या आणि पुढे रुग्णालयासाठी सढळ हाताने देणगी देणाऱ्या माणसाला हे शोभून दिसते. मात्र त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचाही मोठा वाटा होता आणि त्याची खूण ढालीवर कुठेही नाही, हे विसरू नये.

रचनेचे म्हणाल तर त्यांच्या मधमाशांसारखे साधे चिन्ह घ्यावे, निसर्गदृश्य घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ढाल रणांगणात दुरून ओळखू यावी म्हणून सोनेरी वा रुपेरी चिन्ह गडद रंगावर किंवा गडद चिन्ह सोनेरी-रुपेरी पृष्ठभागावर काढण्याचा युरोपातला जुना नियम आहे; डोंगर, बेटे आणि समुद्र अंगठीएवढ्या मुद्रेत ओळखूच येत नाहीत.

भारतात मानचिन्हे देणारी सरकारी यंत्रणा नाही, त्यामुळे घरगुती चिन्हासाठी कुणाची परवानगी लागत नाही. फक्त अशोकस्तंभाचे सिंह घेऊ नका, 2005 च्या कायद्याने त्यांच्या गैरवापरास मनाई आहे. तुमच्याकडे तर विणताना आडवा धागा नेणारा धोटा आहे! दोन्ही टोके निमुळती, मध्ये कांडीची खाच, होडीसारखा आकार. गडद निळ्या ढालीवर एकच सोनेरी धोटा आडवा काढा आणि तो नखाएवढा करून वडिलांना दाखवा. त्यांनी न सांगता ओळखला, तर चिन्ह जमले.