आरोग्याची माहिती बाहेर न जाऊ देणारा फिटनेस बँड कसा निवडावा?

बँडपेक्षा आधी त्याचं ॲप तपासा. ठोके आणि झोप मोजायचं काम मनगटावर होतं, पण ती माहिती ॲपमार्फत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. म्हणून पहिला प्रश्न हा: खातं न उघडता, इंटरनेट बंद ठेवून हा बँड चालतो का?

अँड्रॉइड फोन असेल तर मी गॅजेटब्रिज सुचवेन. हे बँड जोडण्याचं मुक्त स्रोत (कोड सर्वांसाठी खुला असलेलं) ॲप आहे, ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे नोंदी फोनमध्येच राहतात. पाइनटाइम आणि बँगल.जेएस ही घड्याळं त्याच्याशी थेट जुळतात. शाओमी, अमेझफिटचे बरेच बँडही चालतात, मात्र काहींना जोडणीची किल्ली (बँडचा गुप्त कोड) मिळवण्यासाठी एकदा कंपनीच्या खात्यात लॉगिन करावं लागतं. घेण्याआधी मॉडेल गॅजेटब्रिजच्या यादीत बघाच.

आयफोन असेल तर ॲपल वॉच बरं. टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारं लॉगिन) चालू असताना ॲपलच्या हेल्थ ॲपमधली माहिती आयक्लाउडवर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड राहते, म्हणजे ती ॲपललाही वाचता येत नाही. पण इतर ॲपना परवानगी दिलीत की ते कवच संपलं.

आणि जीपीएसकडे दुर्लक्ष करू नका. धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या नकाशावर कोणाचंही नाव नव्हतं, तरी 2018 मध्ये त्यातून सैनिकी तळ ओळखू आले. तुमचा रोजचा धावण्याचा मार्ग तर थेट घराच्या दारात संपतो, म्हणून मार्ग सार्वजनिक करणं आजच बंद करा.

कंपनी विकली गेली की माहितीचा मालकही बदलतो. फिटनेस बँड बनवणारी फिटबिट 2021 मध्ये अशीच गूगलकडे गेली.