नऊ वर्षांचा मुलगा पडला आणि त्याचा वरचा पुढचा दात तिरका तुटलाय, तुकडा सापडलाय. रूट कॅनाल करून कॅप बसवावी का?

कॅपची घाई नको. या वयात त्या दाताचं मूळ बहुधा पूर्ण झालेलं नसतं. टोक उघडं, भिंती पातळ. रूट कॅनालमध्ये सगळी नस काढली की भिंती जाड व्हायच्या थांबतात आणि दात पुढे हिरडीपाशी मोडू शकतो. शिवाय कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासावा लागतो, आणि हिरडी अजून वर सरकणार असल्याने कॅपची कड काही वर्षांत उघडी पडते.

तुकडा पुडीत बांधून ठेवला असेल तर आत्ताच दुधात किंवा सलाईनमध्ये टाका. वाळला की तो खडूसारखा पांढरा पडतो आणि चिकटतोही कमी. ओठ फाटलाय आणि तुकडा अपुरा वाटतोय? मग ओठाचाही एक्स-रे काढायला सांगा, उरलेला कण तिथे रुतलेला असू शकतो.

तुटलेल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी पडलीय. तरीही रूट कॅनाल नाही, पार्शियल पल्पोटॉमी: पाण्याच्या फवाऱ्याखाली डायमंड बरने (दात कोरायच्या बारीक फिरत्या टोकाने) वरवरची साधारण २ मिमी नस काढायची, सलाईनचा बोळा दाबून रक्त थांबवायचं, वर बायोडेंटिन, म्हणजे नस झाकणारं सिमेंटसारखं औषध. दोन-चार दिवस उलटले असले तरी जमतं. रक्त थांबेना तर थोडं आणखी खोल जायचं. बिस्मथ ऑक्साईड असलेला एमटीए (तसंच दुसरं सिमेंट) मी पुढच्या दाताला टाळीन, दात करडा पडतो.

मग तुकडा आधी काही न लावता नुसताच बसवून बघायचा. औषधाच्या थरामुळे अडत असेल तर तुकडा आतून किंचित कोरावा लागतो. ३७ टक्के फॉस्फरिक अ‍ॅसिड इनॅमलला (दाताच्या बाहेरच्या कडक थराला) ३० सेकंद, डेंटिनला (त्याच्या आतल्या थराला) १५. धुऊन बाँडिंग (चिकटवणारा द्रव), फ्लोएबल कंपोझिट (दाताच्या रंगाचं पातळ फिलिंग), आणि ते कडक व्हायला पुढून-मागून लाइट. काम फसतं ते बहुतेक वेळा लाळ नाहीतर रक्त लागल्याने, म्हणून रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून घ्या. तुकडा निरुपयोगी असेल तर कंपोझिटने दात बांधतात. शेड (रंगछटा) मात्र दात ओला असतानाच निवडायची, सुकल्यावर तो उजळ दिसतो.

सुरुवातीला थंड लावल्यावर दाताला काही कळलं नाही तर तेवढ्यावरून नस मेली म्हणू नका. तीन महिन्यांपर्यंतही असं राहू शकतं. नस उघडी पडली असेल तर ६ ते ८ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि वर्षाने तपासणी. एक्स-रेत मूळ वाढताना दिसतंय का, ते विचारा.

ऊस पुढच्या दातांनी सोलायचा नाही, पेरू फोडी करून दाढेनेच. तुकडा निघालाच तर पुन्हा ओला ठेवून न्या. तोच परत चिकटवता येतो.