बीसीजी दिलेल्या मुलीची मॉन्टू टेस्ट पॉझिटिव्ह का येते?

ताई, तुम्ही विचारलंय की 6 वर्षांच्या मुलीची मॉन्टू, म्हणजे टीबीसाठी हातावर करतात ती स्किन टेस्ट, 12 मिमी आली, जन्मल्यावर बीसीजी दिलेली आहे, मग टीबीची लस घेऊनही टीबी कसा काय. घाबरू नका, मॉन्टू पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच असं नसतं. मी लॅब टेक्निशियन आहे, हे हात रोज बघते.

हातात टोचतात ते पीपीडी, म्हणजे टीबीचे जंतू वाढवून, उष्णतेने मारून काढलेली प्रोटीन्स, एक-दोन नाही तर कितीतरी प्रकारची. आणि गोची इथेच आहे, कारण त्यातली बरीचशी बीसीजीच्या जंतूतही असतात आणि माती-पाण्यात राहणाऱ्या त्यांच्या भावकीतल्या इतर मायकोबॅक्टेरियातही असतात. शरीराने त्यातलं काही आधी पाहिलेलं असलं की पेशी धावून येतात आणि जागा टणक होते, पण ओळख आधी कोणत्या जंतूमुळे झाली ते त्या गाठीवरून कळत नाही.

मग फरक कसा करायचा? बीसीजीत नसलेलं प्रोटीन वापरायचं. बीसीजी ही लस बनवणारे फ्रेंच शास्त्रज्ञ काल्मेट आणि गेरँ यांनी त्यासाठी गाईच्या टीबीचा जंतू 1908 पासून 13 वर्षं, तब्बल 230 वेळा नव्याने वाढवत नेला, त्यात जंतूच्या जीन्सचा एक तुकडाच गळून पडला. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही प्रोटीन्स त्याच तुकड्यावरची, म्हणून बीसीजीत ती नाहीत. इग्रा ही रक्ताची टेस्ट आणि पुण्याच्या सीरमची सी-वाय टीबी ही स्किन टेस्ट यांवरच चालते. भावकीतल्या काही जंतूंत तीही सापडतात, पण बीसीजीचा घोळ मिटतो. मुलीच्या वयाला कोणती चालेल ते डॉक्टरांना विचारा.

आणि हो, 12 मिमी नेमके कशाचे मोजले ते विचारा. लाली मोजायची नसते, टणक भाग मोजायचा, तोही 48 ते 72 तासांत. मी बॉलपेन बाहेरून गाठीकडे हळू सरकवत आणते, जिथे पेन अडतं तिथे खूण, मग दुसऱ्या बाजूने तसंच, आणि मधलं अंतर पट्टीने.

पण बाळपणीच्या बीसीजीचा असर वर्षांगणिक कमी होतो, त्यामुळे सगळं लसीवर ढकलून मोकळ्या होऊ नका. घरात, शेजारी कुणाला टीबी आहे का, मुलीचं वजन घटतंय का, ताप-खोकला 2 आठवड्यांवर गेलाय का, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि त्यांनी एक्स-रे सांगितला तर लगेच काढा.