ठिपके चार प्रकारचे

सदर : क्रिकेटच्या वहीतून. प्रश्न वाचकांचे, उत्तरं बडोद्याच्या स्कोअरर मावशींची

प्रश्न : मावशी, मी सांगलीची, बारावीत शिकते. विजय हजारे आपल्या सांगलीचे, असं आजोबा नेहमी सांगतात. मग सगळीकडे 'बडोद्याचे हजारे' असं का लिहितात? आणि तेव्हा क्रिकेटवर पोट भरायचं का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आजोबा बरोबर सांगतात. हजाऱ्यांचा जन्म ११ मार्च १९१५ला सांगलीत झाला. शिक्षकाच्या घरातला मुलगा. पण बडोद्याशी त्यांचं नातं कसं जुळलं ते ऐक. १९३९-४०च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्याच्या सामन्यात त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतलं ते पहिलं त्रिशतक. गोलंदाजी कोणाची होती? बडोद्याची! ज्याने आपल्या गोलंदाजांना दमवलं, त्यालाच पुढे बडोद्याने आपलंसं केलं.

पोटाचं म्हणशील, तर सामन्याच्या पैशांवर तेव्हा घर चालत नसे. संस्थानिक खेळाडूला पदरी ठेवत, नोकरी देत आणि खेळायला मोकळीक देत. इंदूरला होळकरांनी सी. के. नायडूंना असंच आपल्याकडे आणलं. हजारे गायकवाडांच्या बडोद्यात आले ते कायमचे. १८ डिसेंबर २००४ला ते वारले तेही इथेच. बडोद्यात मराठी माणूस परका नव्हताच. दांडिया बाजारात मी लहानाची मोठी झाले, तेव्हा आमच्या वाड्यात चार बिऱ्हाडांत तीन मराठी होती आणि भांडणं गुजरातीत व्हायची. आजोबांना सांग, सांगलीने दिले आणि बडोद्याने जपले. दोन्ही गावांनी आपले म्हणावेत.

प्रश्न : फलंदाजाची सरासरी काढताना नाबाद डाव का वगळतात? नाबाद राहणाऱ्याला हा आयता फायदा नाही का? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन तट पडलेत.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : सरासरीत धावांना डावांनी भागत नाहीत, तो किती वेळा बाद झाला त्या आकड्याने भागतात. हजाऱ्यांचाच हिशेब घ्या. ३० कसोटी, ५२ डाव, त्यांत ६ वेळा नाबाद, धावा २१९२. म्हणजे बाद झाले ४६ वेळा. २१९२ला ४६ने भागलं की ४७.६५. तुम्ही ५२ने भागाल तर येतील ४२.१५. पण मग प्रश्नच बदलतो. सरासरी सांगते, की या माणसाला एकदा बाद करायचं तर समोरच्या संघाला किती धावा मोजाव्या लागल्या. जिथे त्याला बाद करताच आलं नाही, तो डाव भागाकारात कसा धरायचा? त्या डावातल्या धावा मात्र धरायच्याच, त्या त्याने काढल्यात.

आयता फायदा होतो, पण सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या खाली. तिथे जोडीदारच संपतात. चौथ्या क्रमांकावर येणाऱ्याला नाबाद राहायचं तर तेवढा वेळ खपावं लागतं. कट्ट्यावर दोन्ही तटांना चहा पाजा.

प्रश्न : समालोचक 'सॉफ्ट हँड्स' म्हणतात. हात मऊ म्हणजे नेमकं काय?
— एक गृहिणी, ग्वाल्हेर

उत्तर : दोरीवर गोधडी वाळत घातली असेल तर तिच्यावर चेंडू मारून बघा. पायाशी टपकन पडेल. तोच चेंडू शेजारच्या भिंतीवर मारा, अंगावर उलटून येईल. खालच्या हाताची पकड सैल असली की बॅट गोधडी होते. कडा लागली तरी चेंडू स्लिपच्या, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारी झेलासाठी उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, अलीकडे पडतो. मूठ आवळली की बॅटची भिंत होते आणि कडेचा झेल हातात जातो. एवढंच.

प्रश्न : मावशी, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, सलामीला खेळतो. परवा दोन दिवसांच्या सामन्यात त्याने ७१ चेंडूंत १४ धावा केल्या. त्याच्याबरोबर खेळणाऱ्या मुलाने ५८ केल्या, त्याला खांद्यावर घेऊन नाचले. आमच्या मुलाला सगळ्यांसमोर 'टुकूटुकू' म्हणाले आणि पुढच्या सामन्यातून वगळलं. दोन दिवस तो धड जेवला नाही. स्कोअरबुकातल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आता त्याला मोठे फटके मारायला शिकवू का?
— एक वडील, वारसिया, बडोदा

उत्तर : दादा, पत्र वाचलं आणि झेरॉक्स घेऊन खिडकीपाशी बसले. दुपारभर तेच पान बघत होते, म्हणून या वेळी बाकीची पत्रं मागे राहिली. ज्यांची राहिली त्यांनी समजून घ्यावं.

आधी पानावर काय आहे ते सांगते. ७१ चेंडूंत दोन चौकार, एकदा दोन धावा, चार एकेरी. म्हणजे सात चेंडूंवर धावा. शेवटच्या चेंडूवर बाद. उरले ६३ ठिपके. ज्याने तुमच्या मुलाला टुकूटुकू म्हटलं, त्याने हे ६३ ठिपके पाहिले आणि वही मिटली.

माझे वडील इथल्या मोतीबाग मैदानावर गुण लिहायचे. सामन्याचे पैसे मिळत ते जाण्यायेण्यात जायचे, पण रविवार चुकवला नाही. आठव्या-नवव्या वर्षापासून मी शेजारी बसायची, आणि त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की ठिपका चार प्रकारचा असतो. वहीत सगळे सारखे दिसतात, कारण नियमाप्रमाणे ज्या चेंडूवर धाव नाही तिथे ठिपका द्यायचा, बस्स. म्हणून अधिकृत वहीशेजारी ते स्वतःची एक वही ठेवायचे आणि तिच्यात लाल पेन्सिलने खुणा करायचे.

फलंदाजाने चेंडू पारखून मुद्दाम सोडला, तर ठिपक्यावर आडवी रेघ. बॅटच्या मधोमध घेऊन जागीच दाबला, तर नुसता ठिपका. चेंडूने चकवलं, बॅटजवळून गेला, तर फुली. आणि ज्या चेंडूवर धाव होती पण घेतली नाही, म्हणजे लेगला ढकलून पळायचं सोडून उभा राहिला, किंवा आखूड चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात मारला, तर ठिपक्याभोवती गोल. दिवस संपला की वडील रेघा, फुल्या आणि गोल वेगवेगळे मोजायचे. रेघा जास्त असल्या की म्हणायचे, 'पोराला आपली यष्टी कुठे आहे ते ठाऊक आहे.' फुल्या जास्त असल्या की काही बोलायचे नाहीत. गोल जास्त असले की मैदान सोडायच्या आधी त्या मुलाला गाठून सांगायचे.

तुमच्या मुलाच्या ६३ ठिपक्यांत रेघा किती, फुल्या किती, गोल किती? झेरॉक्सवरून मला ते कळत नाही आणि त्याला वगळणाऱ्यालाही कळलेलं नाही. बॅटिंग काय केली हे त्या तीन आकड्यांत आहे, १४ मध्ये नाही.

आता जोडीदाराचं. तुम्ही लिहिलंय की ५८ करणाऱ्याला खांद्यावर घेतलं. घ्यायलाच हवं, त्याने धावा काढल्या. पण खालची विकेटची नोंद बघा. तुमचा मुलगा आणि तो मिळून ६६ची भागीदारी झाली आहे. ती ६६ धावांची दोरी दुसऱ्या टोकाला कोणी धरली होती?

१९४३-४४ सालची गोष्ट सांगते. मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत होती, हिंदू आणि रेस्ट. संघ धर्मावर ठरत, आणि बाकीच्यांचा संघ तो रेस्ट. हजारे ख्रिस्ती, म्हणून रेस्टकडून. हिंदूंनी ५ बाद ५८१वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३वर आटोपला आणि फॉलोऑन मिळाला, म्हणजे लगेच पुन्हा खेळावं लागलं. दुसऱ्या डावात रेस्टच्या झाल्या ३८७, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. शंभरातल्या जवळजवळ ऐंशी. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. मला पाठ असतो तो दुसरा. त्या डावात हजाऱ्यांनी ३०० धावांची एक भागीदारी केली, आणि तिच्यातल्या जोडीदाराच्या धावा होत्या २१. तो जोडीदार म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ विवेक हजारे. तीनशेत एकवीस! ते एकवीस करणारा लवकर बाद झाला असता, तर पुढच्या कुठल्याशा जोडीदाराबरोबर तीनशे नऊ झाल्या असत्या का, कोण सांगणार? सामना रेस्टने डावाने गमावला, पण भावाने भावाला उभं ठेवलं, हे वहीत लिहिलेलं नाही आणि घडलेलं मात्र आहे.

तसंच १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्याचं. इथेच, बडोद्यात, इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध. वडील तेव्हा एकोणीस वर्षांचे, दोरीबाहेर जमिनीवर बसून सगळे दिवस सामना पाहिला. होळकर २०२. बडोदा ३ बाद ९१ झालं आणि मग गुल मोहंमद व हजारे यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. गुल मोहंमद ३१९, हजारे २८८. बडोदा ७८४, आणि विजय एक डाव ४०९ धावांनी. कुठल्याही विकेटसाठीचा तो जागतिक उच्चांक २००६पर्यंत टिकला. मग श्रीलंकेच्या संगक्कारा-जयवर्धने जोडीने ६२४ जोडल्या. चौथ्या विकेटचा अजून तसाच आहे. ५७७ म्हणताना दोघांची नावं एका दमात येतात. हळू कोण होता, हे बडोद्यात मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

म्हणजे मुलाला शाबासकी द्यावी आणि तसंच खेळू द्यावं, असं मी म्हणते का? नाही, दादा. इथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने खोटं बोलणार नाही. पान पुन्हा बघा. पहिल्या ४० चेंडूंत ३ धावा आहेत आणि पुढच्या ३१ चेंडूंत ११. नव्या चेंडूवर ४०त ३, त्याला मी नावं ठेवणार नाही, सलामीवीराचं ते कामच आहे. पण पुढे चेंडू जुना झाला, हात मोकळे झाले, तरी सगळ्या डावात मिळून एकेरी चारच. माझा अंदाज आहे की त्याच्या ठिपक्यांत गोल बरेच निघतील. मोठे फटके शिकवू नका. त्याला पळायला शिकवा. मिड-ऑनच्या, म्हणजे गोलंदाजाच्या बाजूला उभ्या क्षेत्ररक्षकाच्या, डावीकडे चेंडू हलकेच ढकलायचा आणि मोठ्याने 'हो' म्हणायचं, एवढ्याचा महिनाभर सराव करा. संध्याकाळी पंचवीस चेंडू तुम्ही टाका, पंचविसांत दहा वेळा तो पळाला पाहिजे. जोडीदार म्हणून त्याच्या आईला उभं करा, बहिणीला करा. हाक मारायला घरातल्या माणसासमोर लाज वाटत नाही, आणि या वयाची मुलं एकेरी सोडतात ती बहुतेक वेळा हाक मारायची लाज वाटते म्हणून. मी चाळीस वर्षं पाहतेय.

बचाव मात्र मोडू नका. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे ठेवा आहे. १९४८च्या जानेवारीत ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ केल्या होत्या. हजाऱ्यांनी पहिल्या डावात ११६ केल्या, दत्तू फडकरांनी १२३. तरी फॉलोऑन. दुसऱ्या डावात त्यांच्या लिंडवॉलने ३८ धावांत ७ जण टिपले, आणि भारताच्या २७७ झाल्या, त्यांत हजारे १४५. निम्म्याहून जास्त! एका कसोटीत दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या डावात ५१ करून साथ देणारे हेमू अधिकारीही आपल्या बडोद्याकडून खेळणारे. समोर सात बळी घेणारा गोलंदाज असताना १४५ करायच्या, तर कितीतरी चेंडू सोडावे लागतात. टुकूटुकूच म्हणायचं असेल, तर हजाऱ्यांनाही म्हणा.

आणि एक विनंती. जेवताना त्याच्यासमोर तो शब्द काढू नका, विनोदानेही नको. ज्यांनी वगळलं त्यांना जाऊन भेटा, भांडायला नव्हे. एवढंच विचारा, की 'त्याच्या ६३ ठिपक्यांत गोल किती होते?' उत्तर मिळालं तर मुलाच्या उपयोगाचं आहे. नाही मिळालं, तर पुढच्या सामन्याला तुम्ही स्वतः लाल पेन्सिल घेऊन बसा. रेघ, फुली, गोल. पहिल्या दिवशी चुकाल, फुली कुठे आणि रेघ कुठे ते लगेच कळत नाही. यष्टिरक्षकाकडे बघा. चेंडू चकवून गेला की त्याचे हात वर जातात, सोडला की जात नाहीत.

ते पान मला पाठवा, झेरॉक्स चालेल. आणि अजून एक गोष्ट मला हवी आहे. या सामन्यात तो पॉइंटला झेल देऊन बाद झाला, असं वहीत आहे. ७१वा चेंडू. तो किती बाहेर होता, सोडण्यासारखा होता का, हे त्यालाच विचारा आणि तो जे सांगेल ते जसंच्या तसं लिहून कळवा.