वाचक विचारतात : सगळ्यांनी एकच वाजवायचं नाही

प्रश्न : मी करवीर तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते. वर्गात 42 पोरं, पेटी एक, तबल्याची जोडी एक, त्यातला डग्गा उतरलेला. मोबाईलवर आफ्रिकेतल्या शाळेतली मुलं एकत्र मरिंबा, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवताना बघितली आणि डोक्यात किडाच शिरला. आपल्याकडं जमेल का? की नुसतंच खूळ?

उत्तर : ताई, खूळ असूदे, कोल्हापुरात खुळाशिवाय काय होतंय. तुम्ही बघितलं ते बहुतेक झिम्बाब्वेचं असणार. बुलावायोच्या क्वानोंगोमा कॉलेजात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ही मरिंबा शाळांसाठी मुद्दाम बसवली, आणि मरिंबाच का तर शोना आणि एनडेबेले यातल्या एकाच समाजाचं वाद्य नको, भांडणच नको. चार आकार असतात, उंच सुरापासून खर्जापर्यंत सोप्रानो, टेनर, बॅरिटोन आणि बास. पट्ट्या म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत सगळ्या पांढऱ्या आणि वर फक्त एकच काळी, तीन नंबरची, म्हणजे पांढरी एक सा धरा नाहीतर पांढरी पाच धरा, दोन्हीकडून बिलावल (सगळे शुद्ध सूर) निघतो, आणि पांढरी एक सा धरून पांढरी चारच्या जागी काळी तीन घेतली की यमन राग! हे मला कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

आता खरी अडचण वाद्याची नाही, आपल्या सवयीची आहे. लेझीम बघा, शंभर पोरं एकच हात करतात आणि तेच छान दिसतं. मरिंबात उलटं, प्रत्येकाकडं दोन-चार सुरांचा तुकडा, एकट्यानं वाजवला तर अर्धवट वाटणारा, आणि एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा ठोका पडला की गाणं तयार होतं. हे आपल्याला परकं नाही बरं का, खासबागेत कुस्तीला हलगी-घुमकं वाजतं तेव्हा घुमकं कुठं हलगीची नक्कल करतंय?

म्हणून पहिला महिनाभर वाद्य आणूच नका. अर्ध्या वर्गानं टाळ्या देत जि-ले-बी म्हणायचं, उरलेल्यांनी तेवढ्याच वेळात ला-डू, म्हणजे तिनावर दोन. (जिलेबी म्हटलं की पंधरा ऑगस्ट आठवून पोरं आधी दंगा करतात, करू द्या.) मग अदलाबदल. ज्या दिवशी दोन्ही गट एकमेकांकडं न बघता पाच मिनिटं टिकतील त्या दिवशी लाकूड घ्यायला वखारीत जा.

लाकूड सागवान चालतंय, वाळलेलं पाहिजे, ओल्याचा सूर महिन्याभरात हलतो. पट्टी दोन्ही टोकांपासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर टेकवायची, म्हणजे 40 सेंटीमीटरची पट्टी असेल तर साधारण 9 सेंटीमीटरवर, कारण वाजताना तेवढीच जागा हलत नाही, दुसरीकडं टेकवली की आवाज मेला. सूर चढवायचा तर टोकं थोडी घासा, उतरवायचा तर मधल्या पोटाखालनं खरवडा, पण हळूहळू, जास्त खरवडलं की परत येत नाही. प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमायला पीव्हीसीचा पाईप, एका बाजूनं बंद, पांढरी एकला म्हणजे मधल्या सप्तकाच्या सा ला साधारण 33 सेंटीमीटर. पाईप आणि फ्रेमचं काम उद्यमनगरात कुणीही करून देईल. काठीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा.

सुरुवातीला म आणि नी च्या पट्ट्या काढूनच ठेवा, उरला पाच सुरांचा भूप राग, कुठंही मारलं तरी कानाला बोचत नाही. ही युक्ती जर्मनीतल्या कार्ल ऑर्फची, लहान मुलांसाठी सुट्या पट्ट्यांची वाद्यं त्यानंच चालवली.

माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी हुशार पोरांना सोप्रानो दिली आणि ज्याला "ताल नाही" म्हणून सगळे हसायचे त्याला बासवर उभं केलं, काय फरक पडतोय म्हणून. गॅदरिंगच्या दिवशी तो तापानं आला नाही आणि दुसऱ्या ओळीलाच सगळी गाडी घसरली, हुशार पोरं एकमेकांची तोंडं बघत उभी. तेव्हापासनं दर आठवड्याला सगळ्यांच्या जागा बदलतो. तुमची 42 पण अशीच फिरवा, आठ जण मरिंबावर, बाकीचे हलगी, खुळखुळा आणि टाळ्या.

प्रश्न : आम्ही राजारामपुरीतल्या आठ जणी, सगळ्या साठीच्या आसपास. मनगटं दुखतात, तरी मरिंबा जमेल का?

उत्तर : जमेल की काकू. काठी घट्ट धरू नका, तव्यावर बोट लागल्यावर हात जसा झटकन उचलतो तशी ती पट्टीवरून उसळू द्या, जोर लागतच नाही, आणि मारायचं पट्टीच्या मध्यावर. आठवड्यातनं दोनदा, पाऊण तास. चहा मात्र शेवटी ठेवा, मधे घेतला की परत काठ्या कोण हातात घेत नाही, अनुभव आहे.