एमजीबीचं बॉनेट अडकतंय, केबल बदलू का?

केबल आत्ताच बदलू नका. तुम्ही लिहिलंय की तुमची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९७२ ची आहे, आणि रंगकाम होऊन आल्यापासून डॅशखालची बॉनेट उघडायची नॉब दोन-तीनदा जोर लावून ओढावी लागते, शिवाय बंद करताना बॉनेट आपटावं लागतं. दोन्ही त्रास एकदमच सुरू झाले, ही मोठी खूण आहे. केबलमधली तार गंजली असती तर फक्त उघडताना अडलं असतं. बंद करतानाही जोर लागतोय म्हणजे दोष बहुतेक बॉनेट धरून ठेवणाऱ्या खटक्यातच आहे, आणि तो घरच्या घरी काढता येतो.

पण सगळ्याआधी एक काम करा. बॉनेट आज उघडतंय तोवर खटक्याच्या सरकत्या पट्टीला दुसरी एक मजबूत तार बांधा. तिचं टोक रेडिएटरच्या पुढून खाली आणा, गाडीखाली हात घातला की सापडेल पण उभ्या माणसाला दिसणार नाही असं. पंख्यापासून लांब ठेवा. मूळ तार तुटली आणि बॉनेट बंद असलं तर ते उघडायला रंग आणि पत्रा दोन्ही खराब होतात. नव्या रंगाच्या गाडीवर ती वेळ येऊ देऊ नका. एमजीबीच्या बॅटऱ्या सीटच्या मागे असतात, त्यामुळे बॉनेट अडकलं तरी निदान तिथवर हात पोचतो. इंजिन ऑइल आणि रेडिएटरचं पाणी मात्र अडकून बसतं.

खटक्याची रचना साधी आहे. बॉनेटच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेजवळ एक पिन आहे, तिच्याभोवती स्प्रिंग. खाली आडव्या पत्र्यावर एक वाटी आणि तिच्याखाली ती सरकती पट्टी. बॉनेट खाली आलं की पिनचं निमुळतं टोक पट्टीला सारतं, पट्टी तिच्या स्प्रिंगने परत येते आणि पिनला अडकवून धरते. नॉब ओढली की तार पट्टीला सरकवते आणि पिनभोवतीची स्प्रिंग बॉनेट वर ढकलते. पट्टी मोकळी सरकली पाहिजे, पूर्ण सरकली पाहिजे आणि पूर्ण परत आली पाहिजे. एवढं जमलं की खटका सुरळीत चालतो.

रंगकाम झालेल्या गाडीत मी आधी वाटीत आणि पट्टीखाली बघते. तिथे रंगाचा फवारा बसलेला असतो, घासकामाची धूळ जुन्या ग्रीसमध्ये कालवून घट्ट झालेली असते. त्यावर नवं ग्रीस थापलं तर चिकटा वाढतो, बाकी काही होत नाही. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन सगळं स्वच्छ करा, आजूबाजूचा रंग जाड फडक्याने झाकून. डब्ल्यूडी-४० चा फवारा मळ सोडवायला उपयोगी आहे, पण कायमचं वंगण म्हणून त्यावर विसंबू नका. स्वच्छ झाल्यावर पट्टीला पातळ तेलाचे थेंब द्या आणि पिनच्या टोकाला नखभर ग्रीस लावा. इकडे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि जाळीतून उडणारं पाणी थेट तिथेच येतं, म्हणून थंडी संपली की हे परत करावं.

आता बॉनेट उघडंच ठेवून चाचणी घ्या. स्क्रूड्रायव्हरची दांडी वाटीत घालून पट्टी सरकवा, सोडा. ती टक्कन परत यायला हवी. आळसावून येत असेल तर मळ राहिलाय, किंवा तार फार ताणून बांधली आहे. नॉब आत असताना तारेला किंचित ढील हवीच, नाहीतर पट्टी अर्धवट उघडी राहते आणि पिन नीट धरत नाही. मग कुणालातरी नॉब ओढायला सांगून तुम्ही केबलच्या बाहेरच्या नळीकडे बघा. आतल्या तारेबरोबर नळीही सरकत असेल तर तिचा क्लिप ढिला आहे आणि निम्मी ओढ वाया जातेय. ही गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते, आणि चांगल्या केबली उगाच बदलल्या जातात.

एवढं ठीक असेल तर बॉनेट जागेवर बसतंय का ते बघा. रंगवताना ते काढलं असणार. बिजागरीची भोकं लांबट असतात, त्यामुळे परत बसवताना थोडं इकडेतिकडे होतं. वाटीच्या काठाला खडू फासा, बॉनेट हलकेच टेकवा आणि पिनवर डाग कुठे उमटला ते पाहा. एकाच बाजूला असेल तर आधी बिजागरीचे बोल्ट किंचित सैल करून बॉनेट सरकवा.

पिनची लांबी सगळ्यात शेवटी. रंगकामानंतर रबरी बफर आणि रबरपट्टी नवी घातली असेल तर ती बॉनेटला आधीपेक्षा वर रेटते. मग तीच पिन आखूड पडते, पट्टीवर सतत ताण राहतो आणि उघडताना-मिटताना दोन्ही वेळा जोर लागतो. तुमच्या गाडीत मला हेच दिसतंय. पिनला जागेवर आवळून धरणारा लॉकनट पान्याने सैल करा, टोकाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून पिन अर्धा आटा बाहेर काढा, लॉकनट आवळा आणि बघा. एका वेळी अर्ध्या आट्याहून जास्त नको. पिन फार लांब झाली तर बॉनेट चालत्या गाडीत थरथरतं.

त्यात एक धोका आहे. या बॉनेटची बिजागरी काचेच्या बाजूला आहे. वेगात असताना खटका सुटला तर वारा बॉनेट उचलून समोरच्या काचेवर आपटतो. म्हणून उघडायला सोपं जावं म्हणून खटका सैल ठेवू नका, आणि पिनशेजारचा सेफ्टी कॅच तोही साफ करून, त्याची स्प्रिंग तपासून घ्या. मुख्य खटका सोडल्यावर बॉनेट त्या आकड्यावर थांबलं पाहिजे.

काम होईपर्यंत अडकलं तर नॉबशी झटापट करू नका. एकाने खटक्याच्या वर तळहाताने बॉनेट खाली दाबायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने नॉब ओढायची. पट्टीवरचा ताण उतरला की ती सुटते.

हे सगळं करूनही पट्टी झिजलेली किंवा तार मुरडलेली दिसली तर खुशाल नवी घ्या. एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती, पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे पिन, स्प्रिंग, केबल सगळं आजही मिळतं. नवी केबल घालताना तिला तीव्र वळण देऊ नका आणि बसवण्याआधी उभी टांगून वरून तेल सोडा. नवे रबर थोडे दबतात, म्हणून काही आठवडे गाडी चालली की पिनची लांबी आणि लॉकनट पुन्हा एकदा तपासा.